आतून लागलेलं शटर

आमच्याकडे गॅरेज म्हणजे गाड्या दुरुस्त करायची जागा. आमचा टेम्पो जिथे उभा राहायचा त्या खोलीला सगळे नुसतं 'शटर' म्हणत. टेम्पो शटरात लाव, गोण्या शटरात टाक. कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्याच्या अगदी कडेला आमचं घर आणि घराला चिकटून हे शटर. तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर स्लॅब, मागच्या भिंतीत उंचावर गज लावलेला एक झरोका आणि पुढे लोखंडी पट्ट्यांचं वर गुंडाळलं जाणारं दार. आत जायला दुसरी वाट नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बाहेरून त्या दाराला दोन्ही टोकांना कुलपं. आतूनही दोन दांड्या होत्या, कंबरेएवढ्या उंचीवर. डावी दांडी डावीकडे सरकवायची, उजवी उजवीकडे, म्हणजे त्या दोन्हीकडच्या भिंतींतल्या भोकांत शिरायच्या. कांद्याच्या दिवसांत माल भरून ठेवला की आमचे हे रात्री आतच झोपत आणि या दांड्या लावून घेत. एरवी त्यांना कुणी हात लावत नसे. बाहेरून तर त्यांना हात लावणं शक्यच नव्हतं.

हे गेले पौषात. बाजार समितीच्या आवारात डाळिंबाचे क्रेट उतरवताना खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. टेम्पो दुसऱ्या एका ड्रायव्हरनं घरी आणून शटरात लावला. आम्हांला मूलबाळ नाही. घरात मी आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. धाकटे दीर नगरला असतात.

दहाव्याला मला घाटावर नेलं नाही. मी घरी दिव्यापाशी बसून राहावं असं ठरलं. कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, अशा गोष्टी आपोआप ठरलेल्या असतात. आई म्हणून आत्याबाई तेवढ्या गेल्या. प्रवरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं तरी शिवेना. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देत गेला आणि कुणाच्या तरी शब्दाला एकदाचा शिवला. कुणाच्या आणि कोणत्या, ते मला कुणीच सांगितलं नाही. मी आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "शिवला न्हवं? झालं तर मग." दिरांना विचारलं तर ते चपला शोधू लागले.

त्यानंतर मी दर बाजाराच्या दिवशी शटर उघडत होते. टेम्पो चालू करायचा, बॅटरी उतरू नये म्हणून थोडा वेळ चालू ठेवायचा, पुन्हा शटर ओढून कुलपं लावायची. गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं, कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर. लायसनही काढायला लावलं होतं. लोक हसायचे, तेव्हा हे म्हणायचे, "मला ताप आला तर कांदा काय तुमच्या पाठीवर न्यायचा?" तेव्हा टेम्पो मी चालवणार, भाडी मी मारणार आणि याच घरात राहणार, हे माझ्या मनात पक्कं होतं. दिरांच्या मनात वेगळं होतं. टेम्पो विकायचा, आत्याबाईंना नगरला न्यायचं, आणि मी? मी माझ्या भावाकडे कर्जतला. ते हे सगळं गोड बोलून सांगत. गोड बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मला तर भांडल्याशिवाय बोलताच येत नाही. टेम्पो गेला की मला त्या घरात राहायला कारणच उरणार नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी दीर नेवाशाचं गिऱ्हाईक घेऊन आले. पांढऱ्या शर्टातला, तोंडात बडीशेप धरलेला गृहस्थ. मोटारसायकल कडुलिंबाखाली लावून तो शटरच्या सावलीला उभा राहिला. दीर म्हणाले, "वहिनी, तेवढं उघडता का? गाडी बघून जातील, बाकी काय न्हाई." मी चाव्या आणल्या. फेकून द्याव्यात असं वाटत होतं, पण परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून कुलपं काढली, दाराच्या मुठीला हात घातला आणि दार वर ओढलं.

दार बोटभर वर आलं आणि थांबलं.

आमच्या शटरची स्प्रिंग कडक होती. ह्यांनी मुद्दाम ताणून घेतली होती, कुलपं काढली की दार एका बोटानं वर जायचं, कधी कधी आपलं आपणच जायचं. डाव्या कोपऱ्याला पायाच्या अंगठ्यानं जरा उचललं की झालं. मी अंगठा लावला, दोन्ही हात लावले. पुन्हा बोटभर वर, पुन्हा थांबलं. मग दिरांनी मला बाजूला केलं आणि आपला जोर लावून पाहिला, कारण बायकांच्या हातून न उघडलेलं दार पुरुषांच्या हातून उघडतं असा एक समज आहे. त्यांच्या हातूनही बोटभरच आलं.

मग सुरू झाली दुरुस्ती. खाचेत खडा अडकला असेल म्हणून तारेनं दोन्ही खाचा उकरल्या. मूठभर माती निघाली, खडा नाही. पट्ट्यांत तेल सोडलं. गिऱ्हाईक म्हणालं, स्प्रिंग तुटली असेल. मी म्हणाले, स्प्रिंग तुटली की दार जड होतं, पण हलतं. हे जड नव्हतंच. हलकं होतं, बोटभर अगदी सहज वर येत होतं, आणि दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबत होतं. आतून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवावं तसं. हे मी मनातच ठेवलं. पण गिऱ्हाईक शटरच्या सावलीतून हळूच कडुलिंबाच्या सावलीत गेलं, म्हणजे त्यालाही काहीतरी वाटलं असावं.

दिरांनी हातोडीनं खालच्या पट्टीवर ठोके दिले. ठोके थांबले, रस्त्यावरची रहदारीही त्या घटकेला थांबली होती, आणि आतून एक ठोका आला. उन्हानं तापलेला पत्रा वाजतो हे मलाही कळतं. पण पत्रा कुठेही वाजतो. हा आवाज हातोडी जिथे बसली होती तिथूनच आला, आतल्या बाजूनं.

"वहिनी," दीर हळू आवाजात म्हणाले, "तुमी काय केलंय का?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "व्हय, केलंय. मी बाहेर उभी ऱ्हाऊन आतून दांडी लावलीय. जमतं मला."

रागाच्या भरात बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. दांडी. तो विचार तोवर कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

मी मागच्या बाजूला गेले, शिडी लावली आणि झरोक्यातून मोबाईलचा उजेड आत टाकला. टेम्पो नेहमीसारखा उभा होता, तोंड शटरकडे. उजेड लांबवर नेला. डावी दांडी भिंतीत शिरलेली होती. उजवीही. आत चिटपाखरू नव्हतं. मी शिडीवरून उतरले.

पुढे येऊन सांगितलं. मग दीर म्हणाले, रस्त्यावरून एवढे ट्रक जातात, हादऱ्यानं सरकल्या असतील. दुसऱ्या दिवशी शटरवाला आला तोही हेच म्हणाला, ताई, हादऱ्यानं होतं असं कधी कधी. मी दोघांनाही एकच विचारलं. हादऱ्यानं सरकल्या तर दोन्ही एकाच बाजूला सरकायला हव्यात. एक डावीकडे आणि एक उजवीकडे कशी सरकली? शटरवाल्यानं मान खाजवली. दिरांनी तर न ऐकल्यासारखं केलं. मला आजही याचं उत्तर माहीत नाही. शेवटच्या वेळी शटर मीच बंद केलं होतं आणि कुलपांना मीच चाव्या लावल्या होत्या, एवढं माहीत आहे.

त्या दुपारी शटरवाल्याला फोन केला तर तो राहुरीला लग्नात जेवत होता, उद्या येतो म्हणाला. दीर म्हणाले, ग्राइंडर आणतो, पट्ट्या कापू. तेव्हा इतका वेळ ओट्यावर बसलेल्या आत्याबाई उठल्या. "कापायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाची कायतरी विच्छा ऱ्हायलीय. तवर तो दार सोडायचा न्हाई."

दीर हसले, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी कुदळी-फावड्यांतून पहार शोधून आणली, डाव्या टोकाला दाराखाली घातली आणि वर जोर दिला. दार कण्हलं. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी आणून दारासमोर शिंपडलं आणि हात जोडले. घाटावर पिंडासमोर जे करतात तेच त्या शटरसमोर करत होत्या. वेगळ्या वेळी मला हसू आलं असतं.

मी तिथून निघाले. झरोक्याला दोन गज होते, आणि मघाशी उजेड टाकताना एक हाताला सैल लागला होता. आत जायचं आणि दांड्या काढायच्या, सरळ काम होतं. गिऱ्हाइकासाठी नव्हे. आत कुणी नाही हे मला स्वतःला पाहायचं होतं. खरं सांगायचं तर, कुणी असेल तर तेही पाहायचं होतं.

तो गज हलवून हलवून काढला, मग दुसराही. साडी खोचली, आधी पाय आत सोडले आणि टेम्पोच्या हौद्यात उतरले. पौषापासून मी इतकी वाळले होते की झरोक्यातूनही जाऊ शकले. आत भट्टीसारखं तापलं होतं. पट्ट्यांच्या फटींतून उजेडाचे ठिपके टेम्पोच्या काचेवर पडले होते. डिझेल, कांद्याची सालं, आणि ह्यांच्या टॉवेलचा वास, जो मी धुतला नव्हता. मी भिंत आणि टेम्पो यांच्यामधून अंग चोरून पुढे सरकले आणि ड्रायव्हरच्या खिडकीपाशी थांबले. मी बुटकी. गाडी चालू करायला बसले की सीट पुढे ओढते आणि तशीच ठेवते, कारण आता दुसरं कोण बसणार. ती सीट मागे गेलेली होती. हे बसायचे तेवढी मागे.

मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती. मला वाटलं, खिडकीतून हात आत घालावा आणि सीटवर ठेवून पाहावा, गरम आहे का. नाही ठेवला. तिथं सगळंच गरम होतं, काय कळलं असतं.

डावी दांडी धरली आणि ओढली. ती निमूट सरकली. बाहेरून उसाचा ट्रक गेला, त्यात तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. मग उजवीकडे आले. ती जागची हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय भिंतीला लावून ओढली. मग कळलं, बाहेरचं डावं टोक ते आतलं उजवं, आणि पहारेचा सगळा जोर याच टोकाला आहे. दार वर रेटलं जातंय आणि दांडी भोकात आवळली गेलीय. बाहेरची पहार काढली की ती सुटणार. मी ओरडायला तोंड उघडलं, "भाऊजी, पहार काढा."

तेवढ्यात पलीकडून, अगदी हातभर अंतरावरून, भाऊजींचाच आवाज आला. "दादा, वर्षश्राद्ध मोठं करीन. सगळ्या गावाला जेवण घालीन."

मी तोंड मिटलं. मी आत आहे हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण ऐकायला त्या बाजूला मीच होते. हातात दांडी घेऊन मी काळोखात उभी राहिले.

"आईला नगरला नेतो, तिला काय कमी पडू देणार न्हाई," भाऊजी म्हणाले, आणि पहार पुन्हा रेटली. दांडी तशीच. "तुझा मोठा फोटो करून लावतो." दांडी तशीच. शब्दही देत होते आणि एका हातानं पहारही रेटत होते. माझा उल्लेख नाही. मी तिथं असते तर कदाचित केला असता.

"हे न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "घाटावं जे बोल्ल्यावं कावळा शिवला, ते बोल."

गिऱ्हाइकाचा आवाज आला, "काय बोल्ला व्हता ह्यो?"

"आई, तू गप बस."

"इतके दिस गपच बसले म्हून तर हे झालं," आत्याबाई म्हणाल्या. म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्या घाटाला माहीत होतं. माझ्याशिवाय. माझ्या अंगात असा राग उसळला की त्या अंधारात मला माझेच दात वाजताना ऐकू आले. "पहार ठिव खाली," त्या म्हणाल्या. "दोनी हात जोड आन् बोल. एका हातानं कुनी शब्द देतं का?"

पहार फरशीवर पडली. माझ्या हातातली दांडी त्याच क्षणी सैल झाली. आता ओढायला जोर लागणारच नव्हता, करंगळीनंही निघाली असती. मी ओढली नाही. ती हातात धरून ठेवली. आतापर्यंत ते दार ज्यानं धरलं असेल त्यानं धरलं असेल, आता मी धरलं होतं.

भाऊजी बोलले. नगरला राहून त्यांची भाषा थोडी सुधारली होती, ती आता पुन्हा कोल्हारची झाली. "दादा, टेम्पो इकत न्हाई. वैनीच्या नावावं करून देतो. ती चालवंल. तिला ह्या घरातनं कुनी हालिवनार न्हाई. म्या घाटावं सांगितलं व्हतं तुला. चुकलं माझं."

मग मी दांडी ओढली.

दाराला कुणी हात लावलेला नव्हता. स्प्रिंगनं ते आपलं आपण वर गेलं, सगळ्या पट्ट्या खडखडत, आणि उन्हाचा लोट माझ्या तोंडावर आला. समोर भाऊजी हात जोडून उभे होते. टेम्पोच्या नाकाशी, धुळीनं माखलेली, केस सुटलेली मी. ते मला पाहून मागे सरले नाहीत, होते तिथंच खाली बसले. गिऱ्हाइकानं एक शब्द न बोलता मोटारसायकलला किक मारली. मेलेल्या माणसाची इच्छा बसलेली गाडी नेवाशातच काय, जिल्ह्यात कुणी घेतली नसती.

आत्याबाई तेवढ्या हलल्या नाहीत. मी आत कशी गेले, कुठून गेले, त्यांनी विचारलं नाही. माझ्या खांद्यावरून आत, टेम्पोकडे पाहत त्यांनी विचारलं, "तो हाय का आत?"

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच मी मोठ्यानं म्हणाले, "व्हता. आता गेला."

शब्द पक्का व्हावा, एवढ्यासाठीच मी ते बोलले होते. पण बोलल्यावर मी मागे वळले आणि ते खरं होतं. ऊन आत शिरलं होतं. टेम्पो नुसता टेम्पो होता, एका टायरात हवा कमी असलेला. टॉवेलचा वासही उरला नव्हता, बाहेरच्या हवेनं तो नेला. पौषापासून मी त्या शटरात दर बाजारी जात होते ती बॅटरीसाठी जातेय असं मला वाटत होतं. टेम्पो मला मिळाला आणि तो ज्यांचा होता ते त्याच वेळी निघून गेले. माझ्या हातानं मी दार सोडलं होतं.

मी दारातच रडायला लागले. मयताच्या दिवशीसुद्धा मी इतकी रडले नव्हते. आत्याबाईंनी मला रडू दिलं, जवळ घेतलं नाही, गप्प हो असंही म्हणाल्या नाहीत. भाऊजी पहार उचलून ठेवायला गेले. रस्त्यानं ट्रक जात होते. मग आत्याबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं, केस मागे सारले आणि म्हणाल्या, "गाडी भाईर काढ आता. उजेड हाय तवर एक चक्कर मारून ये. मी बी येते संगं."

मी चावी लावली. आत्याबाई शेजारच्या सीटवर चढल्या. आयुष्यात त्या पहिल्यांदाच पुढे बसत होत्या, तोवर हौद्यातच बसायच्या. आम्ही बाहेर निघालो. शटर लावायला मी उतरले नाही.